आमची थाळी जड वाजते

आमची बैठक शुक्रवारी सकाळी असते. रविवारी का नाही, हे नव्यानं भेटणारा प्रत्येक जण विचारतो. उत्तर सोपं आहे. लोधीपुऱ्यात सरांचं घर ज्या गल्लीत आहे तिच्या मागच्या बाजूला पावरलूमचे कारखाने आहेत आणि ते फक्त शुक्रवारी बंद असतात. एरवी खिडक्या लावा, दाराला गादी टेकवा, तबल्याखाली लूमचा खडखडाट येतोच. बुऱ्हाणपुरात गाणं नीट ऐकायचं तर वार लूमवाल्यांनी ठरवून दिलेला असतो.

बैठकीत आम्ही चौघं. सर म्हणजे निवृत्त विज्ञान शिक्षक. घर त्यांचं, रेकॉर्ड प्लेअर त्यांचा आणि शेवटचा शब्द आपला असावा ही हौसही त्यांचीच. दुसरे डॉक्टर, होमिओपॅथीचे. शुक्रवारी दवाखाना उशिरा उघडतात. जुन्या टेपा कॉम्प्युटरवर उतरवून साफ करण्याचं त्यांना वेड आहे. तिसरे चाचा. मागचा एक कारखाना त्यांचाच. त्यांच्याकडे कव्वालीच्या कॅसेटींनी भरलेलं लोखंडी कपाट आहे. "छे दिन मैं तुमचा दुश्मन, सातवे दिन मेहमान," असं ते स्वतःच सांगतात. चौथी मी.

मी गाण्यातली नाही. मी केळी पिकवण्याचं चेंबर सांभाळते. कुठल्या खोलीत कुणाचा माल, तो कधी आला, किती तापमानावर ठेवला, बाहेर कधी काढायचा, हे माझं काम. वडील कागद कारखान्यात नोकरीला होते. ते गेल्यावर त्यांच्या कॅसेटी माझ्याकडे आल्या. मी त्यांची यादी केली आणि योग्य माणसाला देऊन टाकायचं ठरवलं. कुणीतरी सरांचं नाव सांगितलं. एका शुक्रवारी खोकं घेऊन गेले. सरांनी वरचीच एक कॅसेट काढून लावली आणि तिघंही गप्प झाले. मी बघत राहिले. खोलीत काहीच घडत नव्हतं, पण तीन मोठी माणसं असं काहीतरी ऐकत होती जे मला ऐकू येत नव्हतं. मला ते सहन होईना. कॅसेट संपल्यावर मी सरळ विचारलं, की तुम्ही नेमकं काय ऐकत होता?

सरांनी रागाचं नाव सांगितलं, त्याचा मला उपयोग झाला नाही. डॉक्टरांनी मायक्रोफोन कुठे ठेवला असेल ते सांगितलं. चाचा म्हणाले, पुढच्या ओळीच्या आधी गवय्या सांस घेतो, ती ऐका. त्यांनी टेप मागे फिरवली. मी ऐकलं. खरंच, एक माणूस श्वास घेत होता, आणि श्वास किती मोठा घेतो त्यावरून ओळ किती लांब जाणार ते आधीच कळत होतं. खोकं मी तिथेच ठेवलं आणि पुढच्या शुक्रवारी पुन्हा गेले.

मी गेल्यावर दोन गोष्टी बदलल्या. एक म्हणजे रजिस्टर आलं. आधी कुणी काय ऐकवलं यावर भांडणं होत. आता तारीख, आणणारा, काय आणलं, कुठल्या यंत्रावर वाजलं आणि शेरा असे रकाने आहेत. दुसरं म्हणजे मावा जिलेबी शेवटी आली. पूर्वी ती मध्येच यायची आणि मग पाकाच्या बोटांनी रेकॉर्डी हाताळल्या जायच्या.

एक रिवाज मात्र माझ्या आधीपासूनचा आहे, आणि तो मला पहिल्याच दिवशी आवडला. जो रेकॉर्डिंग आणतो तो कव्हर पालथं ठेवतो आणि सगळ्यांचं बोलून होईपर्यंत तोंड उघडत नाही. गाणारा कोण, साल कुठलं, काही सांगायचं नाही. सर म्हणतात, नाव ऐकलं की कान खुर्चीतून उठून नमस्कार करतो आणि मग ऐकायचं राहून जातं. या रिवाजानं मोठी गंमत होते. एकदा डॉक्टरांनी एकाच मैफिलीची दोन रेकॉर्डिंगं आणली. एक विकत घेतलेलं, एक कुणीतरी श्रोत्यांत बसून केलेलं. सरांनी पहिल्यातल्या गायकाची मनापासून स्तुती केली आणि दुसऱ्यातला गायक त्याची नक्कल करतोय असं ठासून सांगितलं. चाचा त्या दिवशी इतके हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं. मी शेऱ्यात लिहिलं, 'तोच माणूस.'

आता निंबोल्याच्या ताईंबद्दल सांगते.

ताईंची केळी बरीच वर्षं आमच्या चेंबरला येतात. साठीच्या आहेत, व्यवहाराला पक्क्या, आणि गाडीबरोबर स्वतः येतात. गेल्या थंडीत धाकट्या मुलाचं लग्न ठरलं. चेंबरच्या ऑफिसात बसल्या असताना मी माझ्या बैठकीचं काहीतरी सांगत होते. त्यांनी मध्येच विचारलं, की तुमच्याकडे जुनी कॅसेट वाजेल का.

एकच कॅसेट होती. त्यांच्या स्वतःच्या हळदीच्या दिवशी भरलेली. त्यांचे मामा कागद कारखान्यात होते आणि त्या काळात त्यांच्याकडे टेप होता. तो ते मांडवात घेऊन आले. आईनं हळदीचं गाणं म्हटलं, ते त्यात भरलं गेलं. लग्नानंतर थोड्याच काळात आई गेली. आधी काही वर्षं ताईंना ती कॅसेट ऐकवत नव्हती, आणि ऐकवेल असं वाटू लागलं तोवर वाजवायला टेप राहिला नाही. कॅसेट पेटीत साड्यांखाली पडून राहिली. आता मुलाच्या हळदीला तेच गाणं लावायचं त्यांच्या मनात होतं. आजीचा आवाज नातवाच्या हळदीला.

अडचण धाकट्या बहिणीची होती. ती असीरगडला दिलेली. तिनं ती कॅसेट एकदा, फार पूर्वी, मामांकडे दुसऱ्या टेपवर ऐकली होती. तिचं म्हणणं असं, की त्यात आई नाहीच. त्यात ती स्वतः आहे. आईचा आवाज भारदस्त होता, कॅसेटमधला आवाज कोवळ्या पोरीचा आहे. आणि हळदीच्या वेळी ती तशी पोरच होती. ताईंनी बहिणीची नक्कल करून दाखवली. "लाव, लाव लग्नात. माह्या आवाजाले माय म्हण आन् गावाले हसव."

म्हणजे प्रश्न एकच होता. कॅसेटमध्ये आई आहे की नाही. आईचा दुसरा कुठलाच आवाज या जगात कुठे ठेवलेला नव्हता. मी ताईंना म्हटलं, शुक्रवारी या.

कॅसेट आदल्या दिवशीच डॉक्टरांकडे पोचवली, कारण इतकी जुनी फीत थेट बैठकीत लावणं धोक्याचं. ते ती एकदाच सावकाश वाजवून कॉम्प्युटरवर उतरवतात. त्यांच्याशी माझी एक जुनी कुरबुर आहे. त्यांना उतरवल्या-उतरवल्या साफसूफ करायची असते. माझा नियम असा, की कच्ची प्रत वेगळी ठेवायची आणि जो हात मारायचा तो दुसरीवर मारायचा. केळीचा घड धुण्याआधी जसा आला तसा बघून घ्यावा, नाहीतर डाग कुठला होता ते नंतर सांगता येत नाही. डॉक्टर म्हणतात मी प्रत्येक गोष्ट केळ्यावर आणते. पण कच्ची प्रत ठेवतात.

शुक्रवारी ताई आल्या. हातात पिशवी, पिशवीत सरांसाठी केळ्यांची फणी. मी त्यांना रिवाज समजावून सांगितला. तुम्ही आणलंय, तेव्हा सगळ्यांचं झाल्यावरच बोलायचं. त्यांनी मान डोलावली. सरांना, चाचांना आणि डॉक्टरांना मी काहीच सांगितलं नव्हतं. हळदीचं गाणं आहे, घरगुती आहे, एवढंच.

गाणं सुरू झालं. हळद कुठल्या गावची, पाटा कुठल्या गावचा, पाणी कोणत्या विहिरीचं, असं एकेका गावाचं नाव घेत जाणारं. डॉक्टरांनी खरंच सफाईनं काम केलं होतं. खरखर नाही, फक्त आवाज. बारीक, उंच, धावता आवाज, आणि पुढे पुढे तर आणखी उंच.

संपल्यावर सर आधी बोलले, ते नेहमीच बोलतात. मुलगी चौदा-पंधरा वर्षांची, गळा अजून तयार व्हायचा आहे, पण उपजत सूर आहे, आणि उत्साहाच्या भरात चढत जाते, जे या वयात होतंच. चाचा म्हणाले, "बच्ची है, पण घाबरत नाही बघा. पूरे मांडव को सुना रही है." डॉक्टर मूळची फीत किती खराब होती आणि त्यांनी त्यातून काय काय काढलं ते सांगत होते.

मी ताईंकडे बघत होते. पिशवीच्या गाठीवर त्यांचा हात तसाच राहिला होता.  मला तेव्हाच मध्ये पडून रिवाज मोडावासा वाटला. मोडला नाही.

शेवटी सर म्हणाले, हं, आता तुम्ही सांगा.

"माही माय तवा चाळिशीच्या वर होती," ताई म्हणाल्या.

त्यांनी पिशवीची गाठ घट्ट केली.

"धाकटी खरं बोलली. तिचंच गाणं हाय हे." त्या उठल्या. "मायचं काहीच नाही राह्यलं म्हना मंग."

सरांचा चेहरा उतरला. आपण कशाबद्दल काय बोलून गेलो ते त्यांना आत्ता कळलं होतं. डॉक्टर उगाच वायर गुंडाळायला लागले. मी ताईंना म्हटलं, दोन मिनिटं बसा, चहा येतोय. खरं म्हणजे मला एक गोष्ट टोचत होती. त्या दिवशी पाटावर ताई स्वतः बसल्या होत्या. मग गाणं कुणी म्हटलं हे त्यांना आठवायला हवं. मी विचारलं.

"मायनंच म्हटलं. पन मॅडम, माह्या डोयात हळद गेली होती. मले काय दिसते? आजूबाजूले पन्नास बाया. मायचा आवाज वळखला म्हनून माय म्हनते मी. आता हे तिघं मानसं पोरगी म्हन्तात."

बरोबर होतं. तीन जाणकार माणसांनी एकमुखानं सांगितल्यावर कुणाला स्वतःच्या आठवणीवर भरवसा राहील? मी डॉक्टरांना म्हटलं, कच्ची प्रत लावा. डॉक्टर म्हणाले, त्यात नुसता कचरा आहे. मी म्हटलं, तो कचराच ऐकायचा आहे.

त्यांनी लावली. पावसासारखी खरखर, बांगड्या, कुणाचंतरी खोकणं, आणि प्रत्येक ओळीखाली बारीक 'टिण्, टिण्'. डॉक्टर म्हणाले, हे खटके काढायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला.

ताईंनी मान वर केली. "हे थाळी हाय. मायची काशाची थाळी. अंगठीनं वाजवत." चेहरा उजळला आणि लगेच पडला. आणखी थोडं ऐकून त्यांनी मान हलवली. "नाही. आमची थाळी अशी नाही वाजत. आमची थाळी जड वाजते."

इथे मला काय झालं ते सांगते. आमच्याकडे एकदा एक गाडी आली. प्रत्येक क्रेट वजनाला कमी. शेतकरी म्हणे मी बरोबर भरलंय, हमाल म्हणे कमी आहे. एक क्रेट कमी भरला तर केळ्याला धरायचं. सगळेच्या सगळे, आणि सारख्याच मापात कमी भरले, तर केळ्याला सोडायचं आणि काटा तपासायचा. काटाच चुकत होता.

मी म्हटलं, आई हलकी वाजते आणि थाळीही हलकी वाजते. थाळीचं काही वय कमी होत नाही. मग काटा तपासा.

सरांच्या आधी चाचांना उमगलं. त्यांनी ताईंना विचारलं, "टेप बिजलीवर होता की सेलवर?"

"मांडवात कुठली बिजली? सेलवर."

"नवे सेल?"

"मामा आन् नवे सेल?" ताई म्हणाल्या. "उन्हात वाळवून वापरत."

चाचांनी मांडीवर हात मारला. सरांनी मग ते मला दोनदा समजावलं, शिक्षकच ते. सेल उतरलेले असले की भरताना फीत हळू फिरते. नंतर तीच फीत चांगल्या यंत्रावर लावली की ती नेहमीच्या वेगानं पळते, म्हणजे भरली त्यापेक्षा जलद. आवाज पळतो आणि उंच होतो. बाईची पोरगी होते. आणि सेल आणखी उतरत गेले, म्हणून गाणं शेवटाकडे चढत गेलं. उत्साहाच्या भरात नव्हे.

"सर," चाचा म्हणाले, "तुमची चौदा साल की बच्ची तो बॅटरी निकली."

सर हसले, पण लगेच गंभीर झाले, आणि त्यानंतर ते जे म्हणाले त्यासाठी मी त्यांना मानते. ते म्हणाले, वेग कमी करणं डॉक्टरांना एका बटणाचं काम आहे. पण किती कमी? कुठल्याही पोरीचा आवाज खाली ओढला की तो कधीतरी चाळिशीच्या बाईसारखा लागणारच. आपण ताईंचा चेहरा बघत बघत ओढत जाऊ आणि जिथे त्या रडतील तिथे थांबून म्हणू, हीच आई. ते काही ऐकणं झालं नाही.

म्हणजे माप बाहेरचं हवं होतं. मी ताईंना विचारलं, थाळी कुठे आहे?

"धाकटीकडं. वाटनीत गेली. कनिक मयते तिच्यात."

चाचा म्हणाले, "मयने दो. कांसा बुड्ढा नहीं होता, बाई."

दोन दिवसांनी डॉक्टरांच्या गाडीतून आम्ही तिघं असीरगडला गेलो. डॉक्टर, ताई, मी. सरांनी मला सूचनांचा कागद दिला होता. थाळी जमिनीवर ठेवायची नाही, बोटावर तोलायची, पंखा बंद, कोंबड्या बाहेर. मला असे कागद आवडतात.

धाकटी बहीण ताईंपेक्षा बारीक, आणि जिभेला धार जास्त. किल्ल्याच्या पायथ्याशी त्यांचं घर. ओट्यावर शेंगा सोलत बसली होती. आम्हाला बघून उठली नाही.

"ये वं. थाळी न्यायले आली काय?"

"तुही थाळी तुलेच राहू दे. फकस्त वाजवायची हाय."

"वाजवायले डॉक्टर आनला? बिमार हाय का थाळी?"

डॉक्टरांनी आम्ही कशासाठी आलो ते समजावलं. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, की मशीननं म्हशीची शेळी होते हे तिला ठाऊक आहे, तेव्हा मशीनचं सांगू नका. ती स्वतः तिथे होती. ते गाणं तिला सुरुवातीपासून शेवटापर्यंत पाठ आहे, आणि न म्हणता का पाठ झालं? हा तिचा मुद्दा मला बिनतोड वाटला. मी तसं म्हटलंही. त्यामुळे असेल, ती उठली आणि थाळी आणून दिली.

थाळीत पीठ चिकटलेलं होतं. मी ती घासून पुसली. कड झिजलेली, पण तडा नाही. ताईंनी बोटावर तोलली आणि आपल्या चांदीच्या अंगठीनं एक टोला दिला. जड, गोल आवाज आला आणि बराच वेळ राहिला. डॉक्टरांनी तो भरून घेतला.

पुढचं काम मी माझ्या पद्धतीनं करायला लावलं. आवाज कुणालाच ऐकवायचा नाही. डॉक्टरांनी कानाला हेडफोन लावायचे, कच्ची प्रत घ्यायची, गाण्याकडे लक्ष न देता फक्त थाळीचा टोला धरायचा आणि तो आजच्या टोल्याशी जुळेपर्यंत वेग कमी करायचा. ओळीओळीला पुन्हा धरायचा, कारण सेल उतरत गेले होते. कव्हर पालथं, म्हणा ना. ताई ओट्यावर जाऊन बहिणीच्या शेंगा सोलायला बसल्या. दोघी एकमेकींशी बोलत नव्हत्या, पण टोपली एकच होती. मी मध्येच जाऊन बघून यायचे. डॉक्टर एकदा म्हणाले, दवाखान्यात इतकी शिस्त असती तर मी श्रीमंत असतो.

उन्हं उतरायला लागली तेव्हा ते म्हणाले, झालं. हेडफोन काढला, छोटा स्पीकर जोडला आणि लावलं.

टोला आधी आला. आत्ता ऐकला होता तोच, जड. आणि त्यावर आवाज. भारदस्त, किंचित घोगरा, दिवसभर पाहुण्यांना जेवायला हाका मारून थकलेल्या बाईचा, आणि तरीही प्रत्येक गावाचं नाव ठासून घेणारा. आता तो धावत नव्हता. हळद ज्या गावची होती तिथे तो थोडा थांबत होता. चाचांनी शिकवल्याप्रमाणे मी श्वास ऐकला. मोठ्या छातीचा श्वास होता.

ताईंनी पदर तोंडाला लावला. धाकटी चहा गाळत होती. गाळणी तिच्या हातात तशीच राहिली आणि चहा गाळणीतून ओट्यावर ठिबकत राहिला.

"माय," ती म्हणाली.

गाणं शेवटच्या गावापर्यंत गेलं. संपल्यावर धाकटीनं गाळणी खाली ठेवली. मला वाटलं होतं ती हरल्यासारखी होईल किंवा चिडेल. तसं काही झालं नाही. ती गोंधळली होती.

"मंग मी कुठी हाय?" तिनं ताईंना विचारलं. "मी होती ना तठी. मले सगळं आठवते. मायचं तोंड आठवते इतक्या जवळून. मी नसती तं मले कसं आठवलं असतं?"

ताईंना तरी काय दिसलं होतं? त्यांच्या डोळ्यांत त्या दिवशी हळद गेलेली. आईचा आवाज मिळाला होता आणि त्याच क्षणी धाकटीचा गेला होता. इतकी वर्षं ती समजत होती, की आपण आईच्या जागी का होईना, पण त्या फितीत आहोत.

पुन्हा लावा, ती म्हणाली. डॉक्टरांनी लावलं. या वेळी ती खाली बसली. थाळी जवळच होती, ती तिनं ओढून मांडीवर घेतली. काही ठरवून नव्हे, हातांना काहीतरी हवं असतं तसं. तिनं ताईंच्या बोटातली अंगठी मागितली. दुसऱ्या ओळीपासून तिचा हात टोले द्यायला लागला, फितीतल्या टोल्यांवर टोला. ओळ जिथे वळते आणि आई श्वास घेऊन पुढच्या गावाचं नाव उचलते, तिथे तिचा हात चुकला. एक टोला राहिला आणि पुढचा जरा घाईनं आला.

फितीतही तिथे टोला राहिला होता.

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. पुढच्या कडव्यात वळणावर पुन्हा तसंच झालं. हात थांबला, फीत थांबली, मग दोघांनी घाई केली. तिला ते कळतही नव्हतं. ती आईचा आवाज ऐकत होती.

ताई वाकून बहिणीच्या हाताकडे बघत होत्या. कडवं संपल्यावर त्या हळूच म्हणाल्या, "थाळी तुह्याकडं होती वं."

धाकटीनं हाताकडे पाहिलं, मग थाळीकडे.

"मी तं पयलेपासून म्हनत होती," ती म्हणाली. "मी हाय त्याच्यात."

पुढच्या शुक्रवारी बैठकीत दोन्ही प्रती वाजल्या. सरांनी साफ केलेली प्रत ऐकून घेतली आणि मग कच्चीवरून दुरुस्त केलेली. या वेळी त्यांनी आधी आम्हा तिघांना बोलू दिलं, जे रजिस्टरमध्ये नोंदवावं असं होतं. मग म्हणाले, आपल्या रिवाजात एक दुरुस्ती करू. विकतची रेकॉर्ड असेल तर कव्हर पालथं. घरची फीत असेल तर जो आणतो तो आधी बोलेल. चाचांनी लगेच संमती दिली. डॉक्टर म्हणाले, आणि खटके कुणाचे आहेत ते विचारल्याशिवाय मी काढणार नाही. मी ते तारखेसह लिहून घेतलं आणि तिघांच्या सह्या घेतल्या.

निंबोल्याच्या लग्नाला आम्ही चौघंही गेलो. हळदीच्या आधी डीजेवाल्याच्या हातात पेनड्राइव्ह द्यायचं काम माझ्याकडे होतं. त्यानं हेडफोन लावून थोडं ऐकलं आणि मदत करायच्या इराद्यानं म्हणाला, "मॅडम, आवाज अच्छी है, पर इसमें टन-टन बहोत है. दो मिनट में साफ कर देता हूँ."

धाकटी माझ्या मागेच उभी होती, हळदीचं ताट घेऊन.

"हात तं लावून पाहाय," ती म्हणाली.